नाव भिजू घातली का

एक नाव प्रवाहाच्या दिशेनं चोवीस किलोमीटर अंतर तीन तासांत कापते. तेच अंतर प्रवाहाविरुद्ध कापायला तिला चार तास लागतात. तर स्थिर पाण्यात नावेचा वेग किती?

नळ दहाव्या दिवशी. सकाळी सव्वासहाला, पाऊण तास.

काकडी, गाजर, बीट. खाली बर्फाचा चुरा.

कावेरीबाईच्या दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे. डॉक्टर म्हणाले, दोन हाडांमधली जागाच उरलेली नाही, म्हणून दुखतं.

अंबाडी कुजवली की जो वास सुटतो, तो अंगावरच्या कपड्यांना पंधरा दिवस सोडत नाही.

अकरा खिळे. त्यातला एक वाकडा.

"दे देऊन. काय करायचं तिचं?"

हे सगळं वैजनाथच्या डोक्यात एकदम आलं. त्या वेळी तो लातूरच्या बाहेर, नांदेड रोडवरच्या एका लॉन्सवर, कुणाच्या तरी मुलीच्या रिसेप्शनला हातात ताट घेऊन उभा होता, आणि त्यानं काकडीची एक चकती उचलली होती एवढंच. सॅलड मांडलं होतं एका नावेत. पांढरी, कडेला निळा पट्टा, दोन लोखंडी घोड्यांवर आडवी ठेवलेली लांबट, अरुंद नाव. बुडातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि रांगेतली माणसं बूट वाचवत पुढं सरकत होती. वैजनाथचा बूट वाचला नाही. पाणी कुठून पडतंय ते बघायला तो वाकला, तर नावेच्या पोटाला एक पत्र्याचं ठिगळ होतं, आणि पांढरा रंग जिथं पोपडून निघाला होता तिथं ताडाच्या झाडाचा हिरवा अर्धा शेंडा दिसत होता. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा. त्यानं बोट फिरवलं. एक, दोन, तीन... आठवा खिळा बोटाला टोचला. आठवा वाकडाच असणार होता. तो त्यानं स्वतः ठोकला होता, वयाच्या बाराव्या वर्षी, आणि दादा, त्याचा बाप देविदास, म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे, तुझी सही हाय ती."

ताट हातात तसंच राहिलं. मागचा माणूस म्हणाला, "सर, व्हा की फुडं." सर पुढं झाले. बावीस वर्षं तो स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये गणित शिकवत होता. अर्धं लातूर त्याला सर म्हणे. नाव आणि प्रवाह हे प्रकरण तो दर बॅचला दोन दिवसांत उरकायचा. त्या गणितांतल्या नावा कधीच गळत नसत. त्यांना डांबर लागत नसे, त्यांना कुणी उन्हाळ्यात पालथं घालत नसे, त्यांच्यात बसलेल्या माणसांना नावं नसत. वर जायचं, खाली यायचं, उत्तर पूर्णांकात. पोरांना हे प्रकरण आवडायचं, कारण ते सोपं होतं.

आणि कालच, म्हणजे रिसेप्शनच्या आदल्या दिवशी, एक्स-रे हातात घेऊन रिक्षातून येताना कावेरीबाई म्हणाली होती, "येळवसेची शेतपूजा झाली की कापा म्हनावं गुडघे. त्याच्या आधी मला एकदा नावंतून पल्याड न्या."

"माय, आता पूल झालाय. गाडी थेट शेतात जाते."

"पुलावरनं नदी दिसत न्हाई. कठडे दिसतेत."

"बरं, बघू."

"बघू नगो. नाव तर हाय ना नीट? मिरगात भिजू घातली व्हती म्हन्लास."

"घातली होती की. श्रीमंतानं घातली."

आठ वर्षं हे असंच चाललं होतं. दादा गेला, माय लातूरला आली, आणि दर वर्षी मृग लागला की, पाऊस असो नसो, ती स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, नाव भिजू घातली का रे? जसं दुसऱ्याची आई विचारते, लोणच्याला कैऱ्या आणल्या का. आणि हा म्हणायचा, घातली. पहिल्या वर्षी खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. मग तापायच्या थांबल्या. नाव तर दादाच्या वर्षश्राद्धाआधीच गेली होती. दोन बॅचच्या मधल्या सात मिनिटांत धाकट्या भावाचा, श्रीमंताचा फोन आला होता: टेम्पोवाला आलाय, डेकोरेशनला मागतोय, पूल झाल्यापासून नुसती लिंबाखाली पडून हाय, दादाची हाय म्हून इचारलं. वैजनाथच्या बोटांना खडू होता. त्यानं फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि म्हणाला, दे देऊन. काय करायचं तिचं? मग आत जाऊन त्यानं शेकडेवारी शिकवली. त्या दिवशी काय शिकवलं हे त्याला आठवतं, याचंच त्याला पुढं भय वाटू लागलं.

लॉन्सचा मॅनेजर महांतेश उदगीरकडचा, जाडजूड आणि हसरा. पाहुणे पांगल्यावर वैजनाथ नावेच्या खाली उकिडवा बसलेला बघून तो धावत आला. "काय बघायलाव सर? काही हरवलं का?"

"ही नाव कुठून आणली?"

"नांदेडच्या एका डेकोरेशनवाल्यानं मोडीत काढली, तिथून. कामून हो?"

"आमची आहे."

महांतेशनं आधी नावेकडं बघितलं, मग सरांच्या ओल्या बुटाकडं. "न्या मग. खरंच न्या. मला लई वैताग दिलाय हिनं. आतून बर्फ घाला, बाहेरून गळती. ज्या नावंत पाणी ऱ्हात न्हाई तिच्यात मानसं कशी काय बसायली तुमची?" आणि स्वतःच खदखदून हसला. पुढल्या आठवड्यात त्याची फायबरची येणारच होती, हंसाच्या आकाराची.

अशी ती नाव टेम्पोत बसून वैजनाथच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आली आणि दोन मोटरसायकलींची जागा अडवून पडली. वरती तिसऱ्या मजल्यावर माय. लिफ्ट बंद. माय आठ-आठ दिवस खाली उतरत नव्हती, आणि वैजनाथनं तेवढ्याच भरवशावर ठरवून टाकलं की नाव नीट करायची, टेम्पोत घालायची, गावाकडं धाडायची, आणि मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवसेला, माय गेली की नाव काठावर तिची वाट बघत असेल, जशी काही ती कधी कुठं गेलीच नव्हती. खोट्याला मागून खरं करून टाकायचं. त्यानं बायकोलाही, उज्वलालाही, तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला भिंतीला खिळा ठोकता येत नाही." ते खरं होतं. एक सोडून.

संध्याकाळी क्लासवरून आला की तो पार्किंगमध्ये बसायचा. घासकागदानं पांढरा रंग काढायचा. रंगाखाली रंग निघाला, पिवळा, कुठल्या तरी देवीच्या मंडपातला. त्याखाली डांबराचा काळा. आणि काळ्याच्या खाली एका संध्याकाळी लाकूड निघालं. इस्लापूरकडच्या रानातलं सागवान. ग्यानोबा सुतारानं आणलेलं. ग्यानोबानं जन्मात तिफणी आणि बैलगाड्या केल्या होत्या, नाव कधी नाही. पण बंधारा झाला, नदीचा फुगवटा ओढ्यानं आत शिरला, आणि जिथं गुडघाभर पाण्यातून बैल जायचे तिथं एका पावसाळ्यात दोन पुरुष पाणी उभं राहिलं. घर इकडं, सहा एकर पल्याड. दादा चार दिवस ओट्यावर नुसता बसून होता. पाचव्या दिवशी ग्यानोबाला घेऊन नदीवर गेला. दोघांनी भोयांची नाव बोटांनी आणि सुतळीनं मोजली, सुतळीला गाठी मारल्या आणि घरी येऊन त्या गाठींवरून ही केली. बाभळीच्या बरगड्या, सागाच्या फळ्या. दोन माणसांची, आणि तीही चपून बसली तर. गावातले म्हणाले, देविदासानं पाण्याची बैलगाडी केली. ती खरंच तशी दिसत होती. वासही तसाच होता, वंगणाचा, अंबाडीचा, ओल्या लाकडाचा. आणि आता लातूरच्या पार्किंगमध्ये, पेट्रोलच्या वासाच्या खालून, तो वास एखाद्या ओळखीच्या माणसासारखा हळूच येऊन वैजनाथच्या बाजूला बसत होता. तो हात थांबवायचा. पुन्हा सुरू केला की वास जायचा.

फळ्यांमधल्या फटी आता बोट जाईल एवढ्या झाल्या होत्या. आठ वर्षं लाकूड तहानेलं. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघितले. हार्डवेअरच्या दुकानातून दोन नळ्यांचा मसाला आणला, जो एकत्र कालवला की दगड होतो. चार संध्याकाळी त्यानं फटी भरल्या, गच्च, पट्टीनं गुळगुळीत करून, एकही टाचणी जाणार नाही अशा. चौथ्या दिवशी तो उठून उभा राहिला आणि लांबून बघितलं आणि त्याला वाटलं, दादा असता तर. आणि मागून आवाज आला.

"ही हितं कशी?"

माय. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, कठड्याला धरून, एका पायावर भार देऊन. तिच्या मागं उज्वला, चेहऱ्यावर अपराध. तीन मजले ती बसून उतरली होती, एकेक पायरी, लहान पोरासारखी. अंबाडीचा वास वरपर्यंत येतोय म्हणाली होती. उज्वला म्हणाली, कुठला वास, पेट्रोलचा येतोय. तरी उतरलीच.

माय नावेपाशी आली. तळहात लाकडावर ठेवून चालत गेली, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, जशी विकून परत आलेल्या म्हशीच्या पाठीवरून चालत जावी. ठिगळापाशी थांबली. मग तिनं नखानं फटीवर टकटक केली. टक् टक्. दगड.

"हे कुनी केलं?"

"मी."

"कोरड्यात भरलास व्हय?"

"गच्च भरलंय माय. थेंब येणार नाही."

"थेंब येनार न्हाई, फळी येईल फुटून. लाकूड पानी पेलं की फुगतंय. त्याला फुगायला जागा कुटं ठिवलीस? पंधरा साल बापाच्या शेजारी बसून फटीत अंबाडी भरलीस अन् हेच शिकलास? मास्तर हायस ना?"

"सर म्हणतात त्यांना," उज्वला बारीक आवाजात म्हणाली.

"म्हनू दे. काढ ते समदं."

तिला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. ती बसून राहिली आणि हा पटाशीनं चार संध्याकाळींचं काम उकरू लागला. दगड पोपड्या होऊन उडत होता. पटाशी तशीच चालू ठेवून तो म्हणाला, "माय, मी आठ वर्षं खोटं बोललो. मीच देऊन टाक म्हणालो होतो."

"ठावं हाय. झूट बोलताना तू नाक खाजवतोस. अन् राजकन्येनं तर पहिल्याच साली फोनवर सांगितलं, टेम्पोत घालून नेली म्हून." राजकन्या म्हणजे श्रीमंताची बायको.

"मग दर वर्षी विचारत का होतीस?"

"इचारायचा महिना आला की इचारते."

"आणि त्या दिवशी रिक्षात? नावेतून पल्याड न्या म्हणालीस, नाव नाही हे माहीत असून?"

कावेरीबाईनं पदर नीट केला. "म्हन्लं बघावं, काय सांगतोस ते."

उज्वला फिस्सकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. वैजनाथलाही हसू आलं असतं, पण त्याच्या हातातली पटाशी घसरली आणि अंगठ्याला लागली, आणि त्यानं तो अंगठा तोंडात धरला, आणि रक्ताला लोखंडाची चव होती आणि लोखंडाला दादाची. दादा तोंडात खिळे धरून काम करायचा. ओठांत एका ओळीत आठ-दहा खिळे, त्यामुळं नाव दुरुस्त करताना तो कधी बोलायचा नाही, फक्त भुवयांनी सांगायचा: दे, धर, सोड. चैत्रात पाणी हटलं की नाव वर ओढायची, लिंबाखाली पालथी घालायची. अंबाडीच्या वाकाच्या, सोललेल्या तंतूंच्या, दोऱ्या मायनं मांडीवर वळायच्या. दादानं त्या फटीत बसवायच्या, सैल. वर डांबर, डांबरात जवसाचं तेल. आणि मृग लागला की नाव उताराच्या पाण्यात नेऊन आत दगड भरून बुडवायची. सहा दिवस. सहा दिवस ती पाण्याखाली दिसायची, हिरवट, हलणारी, तळाशी गेलेल्या माणसासारखी. लहानपणी वैजनाथला त्याची भीती वाटे. मग दगड काढले की ती आपली आपण वर यायची, फटी मिटवून. गावात एवढी काळजी कुणी बैलाची घेत नसे. बाकीचे शेजारी टायरच्या ट्यूबवर, भोपळ्यावर, हातावर हात मारत जायचे. दादा मात्र दर सकाळी नावेच्या तळाला आतून तळहात लावायचा, कोरडा आहे का बघायचा, मगच पाय ठेवायचा. लोक हसायचे. वैजनाथला लाज वाटायची. आणि माय सोबत पाहिजेच. तिला ताप असो, पोटुशी असो, घरी पाहुणे असोत. ती पुढं बसल्याशिवाय दादा वल्हं हातात धरत नसे. ती नसली तर त्या दिवशी शेत बुडलं. बायकोवेडा म्हणायचे त्याला पारावर. मोठेपणी वैजनाथनंही तेच मानलं होतं, थोडं कौतुकानं, थोडं असूयेनं. उज्वला त्याच्या क्लासच्या पायऱ्याही कधी चढली नव्हती.

"आता बुडवा तिला," माय म्हणाली. हे नंतर, दहा दिवसांनी. अंबाडीचा वाक श्रीमंतानं एसटीच्या पार्सलनं पाठवला होता, मायनं खुर्चीवर बसून दोऱ्या वळल्या होत्या, डांबर लागलं होतं. येळवसेला पंधरा दिवस.

"कुठं बुडवू माय? हे लातूर आहे."

"पानी तिच्यातच घाल मग. आतून प्येल."

पहिल्या दिवशी चार बादल्या घातल्या. पार्किंगभर ओघळ गेला. सोसायटीचे सेक्रेटरी अण्णाराव बनियनवरच खाली आले. "सर, मी तुम्हाला मानतो. माझा पोरगा तुमच्याकडं शिकून तलाठी झाला. पण इथं मानसाला प्यायला दहाव्या दिवशी येतंय अन् तुम्ही लाकडाला पाजवायलाव?"

"प्यायचं नाही हो, धुण्याचं आहे."

"धुण्याचं आमच्याकडं संडासाला लागतंय."

कावेरीबाईनं खुर्चीवरून विचारलं, "अन्नाराव, तुमची येळवस कुटं असती?"

"आमचं शेत कंधारकडं होतं, मावशी. आता कुठलं. पोरं गॅलरीत कुंडीची पूजा करतेत."

"आंबील करता का?"

"करतेत... पाकिटातली."

"मी करून देते बिंदगंभर. ताकाची, ज्वारीच्या पिठाची. मला पानी द्या."

अण्णारावांनी नावेत वाकून बघितलं. मग वर गेले. थोड्या वेळानं त्यांच्या घरातून पाणी गाळायच्या मशीनचं फेकायचं पाणी आलं, अर्धी बादली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरून तांदूळ धुतलेलं. मग भाजी धुतलेलं, कपडे विसळलेलं, कुणाच्या तरी बाळाच्या आंघोळीचं साबणाच्या फेसासकट. नावेत ओली पोती अंथरली, त्यावर हे सगळं. सहाव्या दिवशी ओघळ दाराशी थांबला. नवव्या दिवशी फक्त थेंब. अकराव्या दिवशी सकाळी वैजनाथ खाली आला तर जमीन कोरडी होती आणि नावेत काठोकाठ गढूळ पाणी उभं होतं, आणि काठावर दोन साळुंक्या बसून ते पीत होत्या. तो तसाच थांबला. आपण आत्ता हललो तर काहीतरी सांडेल असं त्याला वाटलं, पाणी नव्हे, दुसरंच काही, जे गेली आठ वर्षं तो दोन हातांत धरून चालत होता. मग बॅचची वेळ झाली. त्या दिवशी त्यानं फळ्यावर गणित लिहिलं आणि एका मुलीनं विचारलं, "सर, नावेत किती माणसं आहेत?" तो म्हणाला, "दोन." मुलगी म्हणाली, "पण ते दिलेलं नाहीये." तो म्हणाला, "हो. दिलेलं नाहीये."

येळवसेच्या सकाळी बाकीचे सगळे पुलावरून गेले, पोतं-पातेल्यांसकट, भज्जीचा, म्हणजे मिसळभाजीचा, डेग मांडीवर घेऊन. काठावर उरले माय, वैजनाथ आणि श्रीमंत. त्यानं मायला उचलून नावेत ठेवलं, पुढच्या बाजूला, तिच्या जागेवर, मांडीत आंबिलीचं बिंदगं, छोटी घागरच, तोंडाला फडकं. मग भावाकडं न बघता म्हणाला, "मी नगो म्हनायला पायजे व्हतं त्या दिवशी." वैजनाथ म्हणाला, "तू विचारलं होतंस." एवढंच. श्रीमंतानं नाव ढकलली.

पाणी हिवाळ्याचं, संथ, निळसर. वल्हं मारता मारता वैजनाथच्या खांद्यांना हळूहळू आठवायला लागलं. दर उन्हाळ्यात दादा दोघा भावांना धर्माबादकडं, गोदाकाठी, मामाच्या गावी धाडायचा: पव्हायला आल्याबिगर परत येऊ नगासा. मायचं माहेर ते. वैजनाथ नवव्या वर्षीच पट्टीचा पोहणारा झाला होता, आणि त्याच जोरावर एकदा, इथंच, मध्यावर, तो नावेत उभा राहिला होता आणि गंमत म्हणून दोन्ही पायांनी त्यानं नाव डोलवली होती. दादानं त्याला आयुष्यात मारलं ते तेवढंच. एकच थप्पड, मग दादाचे दोन्ही हात नावेच्या कडांवर, बोटं पांढरी पडलेली, आणि पुढून वळून मायनं दादाच्या गुडघ्यावर ठेवलेला तळहात. केवढा राग, असं वैजनाथला वाटलं होतं. तो राग त्यानं पुढं कितीतरी वर्षं वागवला.

तिसऱ्या फळीपाशी पाणी आलं. एक थेंब, मग त्याच्या मागं दुसरा.

"माय, गळतंय."

"येऊ दे. थोडं पेल्याबिगर ती गप बसत न्हाई." तिनं बिंदग्यावरचं फडकं काढलं, फळीवर दाबलं. मग हात बाहेर काढून पाण्यात सोडला, मनगटापर्यंत, आणि तसाच राहू दिला. बोटांमागं चार बारीक रेघा निघाल्या. "थांबव जरा."

त्यानं वल्हं वर घेतलं. नाव स्वतःच्या वेगानं थोडी गेली आणि थांबली. स्थिर पाणी. पल्याड कडब्याच्या कोपीशी चुना लावलेले दगडांचे पाच पांडव मांडलेले दिसत होते, आणि कुणीतरी पिकात आंबील शिंपडत फेरा घालत होतं. येळवसेची आरोळी पाण्यावरून आली, तुटक: व्हलगे व्हलगे सालम पलगे. मायचे ओठ हलले. ती मागं न बघता म्हणाली, "तुझा बाप हितं आला की बोलायचं बंद करायचा. पल्याड पाय लागला की मग बोलायचा, लई."

"खिळे नसायचे तोंडात, तरी?"

"तरी."

ती आणखी काही सांगेल असं त्याला वाटलं. तिनं हात पाण्यातून काढला, पदराला पुसला आणि पुढं केला: चल.

देविदासला पोहता येत नव्हतं. कावेरीबाईला येत होतं.